नाताळचा गोड पाव आणि परतीची थाळी

डिसेंबर महिना निम्मा सरला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक निराळीच लगबग सुरू होते. उपासनामंदिराच्या भिंतींना चुना लागतो, मुले गीतांची तालीम करू लागतात, आणि करंज्या, शंकरपाळी, चकल्या यांच्या जोडीला हल्ली आणखी एक पदार्थ घरोघरी होऊ लागला आहे. तो म्हणजे खमिरावाचून, केवळ खाण्याच्या सोड्यावर फुगविलेला गोड पाव. कोणी त्यास केक म्हणतात, कोणी केळ्यांचा पाव म्हणतात. हा पाव घरी खाण्यासाठी थोडा आणि शेजारीपाजारी वाटण्यासाठी फार, अशा बेताने केला जातो. ह्या वाटण्याविषयीच आज आम्हांस आमच्या वाचकांशी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

गोष्ट अशी घडली. आमच्या मंडळीच्या हद्दीतील एका वाडीवर जे उपदेशक काम पाहतात, ते दोन वर्षांमागे नाताळाच्या आधी आमच्या घरी आले. चहा झाला, वाडीवरील आजाऱ्यांची विचारपूस झाली, आणि मग टोपी हातात फिरवीत ते म्हणाले, "पाळकसाहेब, एक शंका आहे. शास्त्रातली नाही, स्वयंपाकघरातली आहे." त्यांची पत्नी दर नाताळास सात पाव करून सात घरी पाठविते. त्यांपैकी काही घरे आपल्या मंडळीची आहेत, काही नाहीत. सहा घरांच्या थाळ्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत येतात आणि रिकाम्या येत नाहीत. कोणी त्यात गुळाचा खडा घालतो, कोणी भुईमुगाच्या शेंगा, कोणी हुरडा. सातवे घर मंडळीतील एका वृद्ध विधवेचे. तिची थाळी दोन-दोन आठवडे येत नाही. आणि येते तेव्हा संध्याकाळच्या अंधारात, राखेने घासून लखलखीत केलेली, कोणी पाहू नये अशा बेताने ओट्यावर ठेविलेली असते. उपदेशकांची पत्नी म्हणत होती की, यंदा तिकडे पाव पाठवूच नये. पाव पाठवून आपण म्हातारीला लाजवितो. उपदेशक म्हणत होते की, सर्वांत आधी तिलाच पाठवावा. दोघांचे एकमत होईना, म्हणून ते आमच्याकडे आले होते.

आम्ही लगेच उत्तर दिले. लूकाच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात प्रभूने, ज्यांना परतफेड करिता येत नाही अशांनाच जेवणास बोलवावे, असे शिकविले आहे. तेव्हा शंकेला जागाच नाही, असे आम्ही त्यांस सांगितले. त्यांनी मान हलविली, नमस्कार केला आणि ते गेले. परंतु त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले नाही. आणि खरे सांगावयाचे तर रात्री अंथरुणावर पडल्यावर आमचेही समाधान राहिले नाही. वचन बरोबर होते. पण आम्ही ते ज्या ठिकाणी लाविले ते ठिकाण बरोबर होते की नाही, हा प्रश्न होता. प्रभूचे ते बोलणे जेवण देणाऱ्याशी आहे. जेवावयास येणाऱ्याच्या मनात काय चालते, ह्याचा विचार आम्ही केलाच नव्हता.

तो विचार करण्यापूर्वी ह्या पावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. जी वस्तू आपण दुसऱ्याच्या घरी पाठवितो ती कशी होते हे आमच्या पुष्कळ पुरुष वाचकांस ठाऊक नसते. ते केवळ खातात.

खमिराचा पाव रात्रभर वाट पाहावयास लावितो. खमीर सजीव आहे. ते पिठातील साखर हळूहळू खाते आणि वायू सोडते, त्या वायूने पीठ फुगते. पवित्र शास्त्रात तीन मापे पिठात खमीर लपविणाऱ्या स्त्रीचा दाखला आहे, तो ह्याच खमिराचा. सोड्याच्या पावात सजीव असे काही नाही. सोडा हा क्षार. तो दह्यासारख्या आंबट पदार्थाला मिळाला म्हणजे तोच वायू क्षणात निर्माण होतो आणि पीठ फसफसू लागते. म्हणून ह्या पावाचे सर्व रहस्य त्वरेत आहे. चार चांगली पिकलेली केळी कुस्करून घ्यावीत. त्यांत वाटीभर किसलेला गूळ, अर्धी वाटी पातळ केलेले तूप व अर्धी वाटी दही घालावे. दुसऱ्या भांड्यात दोन वाट्या कणीक किंवा मैदा, चहाचा एक चमचा सपाट भरून सोडा, चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड व थोडे जायफळ एकत्र चाळून ठेवावे. मग दोन्ही एकत्र करून हलक्या हाताने, पीठ भिजेल इतकेच, ढवळावे. येथेच नवख्या हाताची चूक होते. पीठ फार घोटले तर गव्हातील चिकटपणा वाढतो आणि पाव चिवट होतो; आणि ढवळून ठेवून दिले तर वायू निघून जातो व पाव बसतो. सोडा अधिक घातला तर पाव अधिक फुगेल असे वाटते. परंतु तसे होत नाही. तो काळपट पडतो आणि त्याला साबणासारखी कडवट चव येते.

पूर्वी पातेल्यात वाळू तापवून व झाकणावर निखारे ठेवून हा पाव भाजीत; आता पुष्कळ घरी गॅस आहे, म्हणून कुकरची शिटी व रबर काढून, पाणी न घालता, तळाशी मिठाचा थर पसरून त्यावर डबा ठेवितात. मंद आचेवर पाऊण तास ते एक तास लागतो. सुरीचे टोक आत घालून कोरडे निघाले म्हणजे पाव झाला. तो गरम असता कापू नये. एक रात्र झाकून ठेविला तर त्यातील ओलावा सर्वत्र सारखा पसरतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याची चव पहिल्या दिवसापेक्षा बरी लागते. करावयास घाई आणि द्यावयास धीर, असा हा पदार्थ आहे. त्यात अंडे नसल्यामुळे माळकरी शेजाऱ्यालाही तो निःशंकपणे देता येतो. मात्र अंडे घातले असेल तर ते सांगितले पाहिजे. विश्वासाने खाणाऱ्याला फसवून खाऊ घालणे ही भेट नव्हे.

ह्या पावाची पद्धत आम्ही परदेशातून घेतली, हे लपविण्याचे कारण नाही. अमेरिकेत १७९६ साली अमेलिया सिमन्स नावाच्या बाईंचे पाकशास्त्राचे पुस्तक निघाले, त्यात लाकडाच्या राखेपासून काढलेल्या खाराने पीठ फुगविण्याची रीत दिली आहे. तो खार आमच्या पापडखाराचा भाऊबंदच म्हणावा. पुढे १८४६ साली न्यू यॉर्क येथे खाण्याचा सोडा पुड्या बांधून विकण्याचा धंदा सुरू झाला. परंतु आम्हांस ह्या इतिहासात सर्वांत आवडते ती इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरच्या आल्फ्रेड बर्ड ह्या औषधविक्याची हकिकत. त्याच्या पत्नीला अंडी सोसत नसत आणि खमीरही सोसत नसे. म्हणून त्याने १८३७ साली अंड्यावाचून कस्टर्ड तयार केले आणि १८४३ साली खमिराऐवजी चालेल अशी फुगविण्याची पूड तयार केली. म्हणजे जी पूड आज जगभर दुकानांतून मिळते, ती एका माणसाने एका विवक्षित तोंडाकडे पाहून केली होती. भेट देणाराने घेणाराकडे किती बारकाईने पाहावे, ह्याचे हे उदाहरण आम्ही मनात जपून ठेविले आहे.

आता थाळीकडे वळू. आमच्या मुलखात शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये अशी रीत आहे. काही नसले तर चिमूटभर साखर घालावी, पण भांडे भरूनच जावे. हिंदू घरी आहे, मुसलमान घरी आहे, आमच्याही घरी आहे. ही रीत कोणी शिकविली हे सांगता येत नाही. मूल आईच्या कमरेवर असल्यापासून ती पाहते. मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच पंडिताने १९२५ साली भेट ह्या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. जगातील निरनिराळ्या लोकांच्या चालीरीती तपासून तो असे म्हणतो की, देणे, घेणे आणि परत देणे ही तिन्ही कर्तव्ये एकमेकांत गुंतलेली आहेत. निव्वळ फुकट अशी भेट क्वचितच आढळते. आमच्या आयाबायांना हे त्या निबंधावाचून ठाऊक होते.

ह्यावर कोणी म्हणेल, मग हा व्यापारच झाला. शेंगा आल्या की पाव फिटला, हिशेब पुरा. आणि काही घरी तसे होतेही. कोणाकडून किती आले हे मनात टिपून ठेवून पुढल्या वर्षी पावाची वडी लहान-मोठी कापणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत; पुरुष तर ह्याहून वाईट हिशेब ठेवितात, ते असो. गीतेच्या सतराव्या अध्यायातही, जो उलट उपकार करू शकत नाही त्याला दिलेले दान उत्तम आणि परतफेडीची आशा धरून दिलेले त्याखालचे, असा भेद सांगितला आहे. म्हणजे ह्या बाबतीत आमच्या शेजाऱ्यांचे शास्त्र व आमचे शास्त्र पुष्कळ जवळ येतात. देणाराने परतीची आशा धरू नये, ह्याविषयी दोन्हीकडे वाद नाही.

परंतु देणाराने आशा धरू नये ही एक गोष्ट, आणि घेणाराला परत देऊ नये ही दुसरी. ह्या दोहोंतील अंतर आम्ही लहानपणी एकदा पाहिले होते. मोठेपणी सेमिनरीत शिकताना ते विसरलो, आणि उपदेशकांच्या शंकेने ते पुन्हा आठवले.

आम्ही तेव्हा आठ वर्षांचे होतो. वडील एका शाळेत शिपाई होते. घरी पाच भावंडे. आमच्याच मंडळीतील एका सुखवस्तू घरून दर नाताळास आमच्याकडे थाळी येई. तीत केक, करंज्या आणि मुलांसाठी बिस्किटे असत. आई ती थाळी परत पाठविताना तीत साखर घाली. त्या वर्षी घरात साखर नव्हती. आईने सकाळी शेतमालकाच्या बांधाला जाऊन, विचारून, ओल्या हरभऱ्याचे चार डहाळे आणले, धुतले, थाळीत नीट मांडले, त्यावर आपल्या लुगड्याचा नवा तुकडा झाकला आणि ती थाळी आमच्या हाती देऊन सांगितले की, पडू देऊ नको. आम्ही ती दोन्ही हातांनी धरून गेलो. त्या घरच्या बाई प्रेमळ होत्या. त्यांनी तुकडा उचलून पाहिले, त्यांचे डोळे पाण्याने भरले, आणि त्या म्हणाल्या, "अरे बाळा, हे कशाला? तुमच्या आईला सांग, तुम्ही काही द्यायची गरज नाही. घरी भावंडांना खायला घेऊन जा." त्यांनी ते डहाळे परत आमच्या ओंजळीत घातले, वर एक रुपयाही दिला.

आम्ही आनंदाने धावत घरी आलो. रुपया मिळाला होता. आईने डहाळे पाहिले, रुपया पाहिला, आणि ती काहीच बोलली नाही. डहाळे तिने सोलले नाहीत. ते दुपारपर्यंत चुलीपाशी पडून सुकले. पुढल्या नाताळास त्या घरून थाळी आली तेव्हा आई मागच्या दाराने बाहेर गेली आणि थाळी आमच्या बहिणीने घेतली. त्या बाईंना जन्मभर कळले नसेल की त्यांनी काय केले. त्यांनी कोणतेही वाईट कृत्य केले नव्हते. त्यांनी फक्त घेतले नाही.

रोमी तत्त्ववेत्ता सेनेका ह्याने उपकारांविषयी सात भागांचा एक मोठा ग्रंथ लिहिला आहे. हा सेनेका आमच्या वाचकांस अगदी परका नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या १८व्या अध्यायात ज्याच्यापुढे पौलाला उभे केले तो अखयाचा अधिकारी गल्लियो ह्याचा तो भाऊ. सेनेका उपकाराची तुलना चेंडूच्या खेळाशी करितो. फेकणाऱ्याने चेंडू कसा फेकावा हे झेलणाऱ्यावर अवलंबून असते; नवख्याकडे तो हळू, जणू त्याच्या हातातच आणून ठेवल्यासारखा फेकावा, म्हणजे त्याला तो झेलता येईल आणि परतही फेकता येईल. चेंडू झेलता येणार नाही अशा रीतीने फेकून मग झेलणाऱ्याला दोष देणे हा खेळ नव्हे. आम्हांस हा दाखला फार पटला. मात्र सेनेका धनवान होता. चेंडू परत आला असता तो हातात घ्यावा की नाही, अशी शंका त्याच्या अंगणात उभी राहिली नसेल. आमच्या अंगणात ती पिढ्यान् पिढ्या उभी आहे.

हे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांचे बहुतेक पूर्वज गावकुसाबाहेर राहत. गाव त्यांना देत नव्हता असे नाही. बलुते मिळे, सणाला उरलेले अन्न मिळे, मेलेल्या जनावराचे कातडे मिळे. दारोदार भाकरी मागणे हा त्यांचा हक्कच समजला जाई. १९५८ च्या कायद्याने महार वतने रद्द होईपर्यंत त्या व्यवस्थेचे सांगाडे उभे होते. देणे होते, वरून, हात न लागता, पदरात टाकलेले. नव्हते ते घेणे. त्यांच्या घरची भाकर गावात कोणी खात नसे, त्यांच्या घागरीचे पाणी कोणी पीत नसे. २० मार्च १९२७ रोजी महाडास डॉ. आंबेडकर व त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा जो क्षोभ झाला तो पाणी कमी झाले म्हणून नव्हे. त्यांचा हात पाण्याला लागला म्हणून झाला. अस्पृश्यतेचा जो डंख आहे तो न देण्यात जितका आहे, त्याहून अधिक न घेण्यात आहे, असे आमचे मत आहे. जो तुम्हांला वाटेल तितके देतो पण तुमच्या हातचे काहीच घेत नाही, त्याने तुम्हांला आपल्या बरोबरीचे मानलेले नाही. मग त्याचे डोळे पाण्याने भरलेले का असेनात.

ह्या दृष्टीने योहानाच्या चौथ्या अध्यायातील विहिरीवरची गोष्ट पुन्हा वाचून पाहावी. आम्ही त्या भागावर अनेक वेळा उपदेश केला आणि जिवंत पाण्यावरच बोललो. परंतु प्रभूने त्या शोमरोनी स्त्रीला आरंभी काही दिले नाही, त्याने मागितले. ज्यांच्या भांड्याला त्याचे लोक शिवत नसत, तिच्या भांड्यातील पाणी त्याने मागितले. आणि आश्चर्य तिला ह्याचेच वाटले. देणे नंतर आले. पौलानेही फिलिप्पैच्या मंडळीकडून आलेली भेट घेतली आणि ती घेतल्याचे मोकळ्या मनाने लिहून कळविले. घेण्यापेक्षा देणे अधिक धन्यतेचे आहे, हे प्रभूचे वचनही पौलाच्याच तोंडून आम्हांस मिळाले आहे. ते खरे आहे. म्हणूनच ती धन्यता सारी आपल्याकडेच ठेवून घेणे आणि दुसऱ्याला जन्मभर केवळ घेणारा करून ठेवणे, हा एक प्रकारचा लोभच आहे. गरिबाने हरभऱ्याचे डहाळे पुढे केले असता ते न घेणे म्हणजे त्याच्या वाट्याची धन्यता काढून घेणे होय.

आमच्या मंडळ्यांनी ह्या बाबतीत दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. पूर्वीच्या काळी परदेशांतील मंडळ्यांकडून नाताळासाठी पेट्या येत. त्यांत झगे, बाहुल्या, पेन्सिली असत, आणि आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या रांगेत उभ्या राहून त्या घेत. त्या देण्याचे ऋण आम्ही मानतो. परंतु रांगेत उभे राहण्याची सवय एकदा लागली म्हणजे मनुष्य दोनच जागा ओळखू लागतो: रांगेतली आणि पेटीपाशी उभे राहून वाटणाऱ्याची. पहिली जागा सुटली की तो दुसरीकडे धावतो. आज आमच्यांतील जो थोडा वर आला आहे, तो नाताळात पाव वाटतो, ब्लँकेटे वाटतो, मोबाइलवर त्याची छायाचित्रे धाडतो. पण ज्याला वाटले त्याच्या घरी बसून चहा पीत नाही. याहून वाईट गोष्ट म्हणजे, एकाच प्रभुभोजनाला बसणाऱ्या आमच्या मंडळ्यांतही पूर्वीच्या जातींची आठवण काही स्वयंपाकघरांतून अजून गेलेली नाही. पाव त्या आळीला पाठवितात, त्या आळीचा आला तर मुलांना सांगतात, "ठेव तिकडे, मग बघू." असे पाव आम्ही उकिरड्यावर पाहिले आहेत. कोणत्या गावी, हे लिहीत नाही. ज्यांचे ते होते त्यांना ठाऊक आहे.

असो. हे सर्व मनात आल्यावर आम्ही पुढल्या आठवड्यात मुद्दाम त्या वाडीवर गेलो आणि उपदेशकांस म्हणालो की, आमचे उत्तर अपुरे होते. त्यांची पत्नी चुलीपाशी बसली होती. तिने पदर सावरला आणि आपला बेत सांगितला. यंदा थाळीत न देता पाव कागदात गुंडाळून द्यावा, म्हणजे परत करावयाचे भांडेच राहणार नाही आणि म्हातारीला लाज वाटणार नाही. बेत शहाणपणाचा होता आणि त्यामागे प्रेम होते. आम्ही क्षणभर तो मान्यही केला. मग आमच्या मनात आले की, कागदाने लाज झाकेल, पण दारही बंद होईल. थाळी निदान परत यावयाची असते. ती घेऊन येणारी बाई ओट्यावर क्षणभर उभी राहू शकते.

आम्ही विचारले, "त्या मावशींच्या घरी काय आहे?"

"काय असणार?" उपदेशक म्हणाले. "एक शेळी आहे. मोरीच्या पाण्यावर केळीचे बेट आहे. केळी लहान येतात, बाजारात कोणी घेत नाही."

त्यांची पत्नी हसू लागली. पावाला केळी लागतातच; आणि ती बाजारात विकावयाची तशी पिवळीधमक नव्हेत, तर साल काळी पडलेली, मऊ झालेली लागतात. जितकी अधिक पिकलेली तितका गोडवा अधिक. दरवर्षी ती तालुक्याहून केळी आणून, थंडीत लवकर पिकत नाहीत म्हणून, पेंढ्यात दडपून ठेवीत असे. आणि येथे चार घरे पलीकडे ती काळी होऊन गळून पडत होती.

येथे आमच्या मनात एक संशय आला, तो वाचकांपासून लपवीत नाही. म्हातारीला बरे वाटावे म्हणून तिच्याकडे काही मागणे ही युक्ती आहे की मागणे आहे? युक्ती असेल तर ती तिला कळल्यावाचून राहणार नाही. गरीब मनुष्य इतर काही नाही तरी दया ओळखण्यात पंडित असतो. आम्ही हे बोलून दाखविले. तेव्हा उपदेशकांची पत्नी म्हणाली, "साहेब, युक्ती कशाची? केळी साठ रुपये डझन झाली. मला खरेच पाहिजेत." ह्यावर आम्हांस बोलण्यासारखे काही राहिले नाही. ज्याला खरोखर गरज आहे त्याने मागावे. आणि आपल्याला शेजाऱ्याची काहीच गरज नाही असे ज्याला वाटते, त्याने आपल्या घरात अजून थोडे शोधून पाहावे.

त्या नाताळास काय झाले ते उपदेशकांनी आम्हांस नंतर सांगितले. त्यांची पत्नी टोपली घेऊन मावशींकडे गेली आणि केळी मागितली. मावशींनी प्रथम, "ह्या काळ्या केळांचे काय करतेस गं?" म्हणून विचारले. पावात घालते, असे कळल्यावर त्यांनी पुरा घड उतरविला, त्यांतील बरी बरी निवडून टोपलीत घातली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेळीच्या दुधाचे दहीही घेऊन आल्या. आल्या त्या पीठ कालविताना चुलीपाशी बसूनच राहिल्या आणि किती ढवळावे ह्यावरून दोघींचा थोडा वादही झाला. सात पाव झाले. त्यांपैकी एक मावशींच्या घरी थाळीतून गेला. ती थाळी दुसऱ्या दिवशी, भर सकाळी, मावशी स्वतः हातात घेऊन आल्या. थाळीत काही नव्हते. रिकामी थाळी त्यांनी ओट्यावर ठेवली, पाणी मागून प्याल्या, आणि म्हणाल्या, "गूळ कमी पडला गं पोरी. पुढल्या वर्षी घालताना मला बोलाव."

उपदेशकांनी आमच्यासाठीही एक तुकडा बांधून आणिला होता. तो आम्ही त्यांच्यासमोरच खाल्ला. गूळ खरोखरच कमी होता.